वत्सगुल्माचा अस्त आणि डोंगरातली अपुरी लेणी

वाशिम हे नाव ‘वत्सगुल्म’ या प्राचीन नगरनामावरून आले असून, चौथ्या-पाचव्या शतकांत हे नगर वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी होते. सर्वसेनाने स्थापिलेल्या या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या ३७ व्या राज्यवर्षी येथूनच दिलेला ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमलाच मिळाला. आणि शहराजवळच्या हिस्से-बोराळा येथील, देवसेनाच्या काळातील शके ३८० च्या शिलालेखात ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे. या राजसत्तेचा उत्कर्ष आणि तिचा अकाली शेवट यांची सर्वांत बोलकी साक्ष मात्र वाशिममध्ये नाही; ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत खडकावर कोरलेली आहे.

देवसेनाचा पुत्र हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे बौद्ध भिक्षुसंघाला अर्पण केले. हे लेणे म्हणजे विहार, अर्थात भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेला मंडप व त्याभोवतीच्या खोल्या. त्याच वराहदेवाचा दुसरा, भग्न झालेला लेख जंजाळा गावाजवळच्या डोंगरातील घटोत्कच लेण्यात असून, त्यात वल्लूर येथील त्याच्या ब्राह्मण कुळाची वंशावळ दिलेली आहे. महाभारतातील घटोत्कचाचे नाव लोकांनी मागाहून दिलेल्या या लेण्याच्या गर्भगृहात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील, म्हणजे पहिला उपदेश करणारा, बुद्ध विराजमान आहे.

हे वैभव फार काळ टिकले नाही. अमेरिकी कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या मते हरिषेणाचा मृत्यू इ. स. ४७७ च्या सुमारास झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात अजिंठ्याचा राजाश्रय संपला. या घडामोडींचा धागा इतिहास-संशोधक वा. वि. मिराशी यांनी संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेशी जोडला होता. त्या कथेत विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा वृद्ध मंत्र्याचा सल्ला डावलून व्यसनांत रमतो, अश्मक देशाचा राजा वसंतभानू कपटाने त्याच्यावर परचक्र ओढवून आणतो, मांडलिक फितूर होतात, राजा मारला जातो आणि राणी मुलांना घेऊन माहिष्मतीला आश्रय घेते. दंडी या काळानंतर सुमारे दोन शतकांनी झाला आणि त्याच्या कथेत वाकाटकांचे नाव कोठेही येत नाही. त्यामुळे ही कथा अनुमानाला बळ देते, पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

पुरावा शोधायचा तर तो छिन्नीच्या खुणांत शोधावा लागतो. अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या भव्य विहारात खोदाई अर्ध्यावर थांबलेली असल्याने कारागिरांची पद्धतच उघडी पडते: आधी खडकात लांब गल्ल्या पाडायच्या, मग मधल्या भिंती फोडत जायचे आणि खांबांपुरता दगड राखायचा. इतरत्र मूळ आराखड्यात न बसणाऱ्या लहान बुद्धमूर्ती भिंतींच्या मोकळ्या जागी कोरलेल्या व रंगवलेल्या दिसतात. त्यांपैकी काहींजवळ ‘देयधर्म’ म्हणजे धर्मार्थ दान असा शब्द असून दाते बहुधा भिक्षूच आहेत. मोठे आश्रयदाते गेल्यावर मागे राहिलेल्यांनी आपापल्या ऐपतीने पुण्य जोडले, असा स्पिंक यांनी याचा अर्थ लावला. २६ क्रमांकाच्या चैत्यगृहातील, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनामंदिरातील, लेखात तर दाता बुद्धभद्र हा अश्मकांच्या मंत्र्याशी असलेले आपले स्नेहबंध अभिमानाने सांगतो. ज्या सत्तेकडे वाकाटकांच्या नाशाचा दोष जातो, तिच्याच मित्राने महापरिनिर्वाणाचे, म्हणजे बुद्धाच्या अंतिम शयनाचे, प्रचंड शिल्प असलेले हे लेणे घडवले. म्हणून या संघर्षाला धर्मयुद्ध म्हणता येत नाही. तो राज्यासाठीचा झगडा होता आणि त्याची झळ धर्माच्या वास्तूंना बसली.

त्यामुळे या डोंगरांत येणाऱ्या अभ्यासू वाचकाने चित्रे पाहून झाल्यावर अर्धवट खांबांपाशीही थांबावे. वत्सगुल्माच्या इतिहासाचे शेवटचे पान तेथे आहे. हरिषेणानंतर या शाखेच्या एकाही राजाचा ताम्रपट वा शिलालेख उपलब्ध नाही.