आधी कानाने पारखा

शाळेत संगीताचा तास आला की आपल्या काही घरांतून निरोप जातो, ‘आमच्या मुलाला वाद्याला बसवू नका.’ त्यामागचा दीनी संकोच आम्हाला ठाऊक आहे. उलेमांमधले मतभेद जुनेच आहेत. इमाम गझालींनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. पण निव्वळ करमणूक समजून हा तास सोडताना मुलाचे काय सुटते, ते तरी पाहावे.

आपल्या विद्वानांनी संगीताला गणिताच्या पंगतीत बसवले होते. इब्न सीना यांच्या ‘किताबुश्शिफा’त ते गणिती विद्यांतच येते. त्यांच्याआधी अल-फाराबी (मृत्यू इ.स. 950) यांनी संगीतावर मोठा ग्रंथ लिहिला. आकाशातले ग्रह फिरताना सूर उमटवतात, असे ग्रीक पायथागोरसचे अनुयायी मानत. फाराबींनी ग्रीकांकडून पुष्कळ घेतले, पण हे मत साफ नाकारले. स्वरांच्या बाबतीत त्यांना तयार कानाची साक्ष हवी असे. नाव कितीही मोठे असो, म्हणणे तपासून पाहायचे. आपल्या मुलांना नेमके हेच कुणी शिकवत नाही. पाठ करायला मात्र सगळे सांगतात.

तारेवर हे शिकवता येते. 90 सेंटिमीटरची तार ताणा, छेडा, तो सा धरा. आता विचारा, बरोबर मध्यावर दाबून अर्धीच छेडली तर काय ऐकू येईल? मुलाने आधी अंदाज सांगायचा, मगच छेडायचे. वरचा सा निघतो. 60 सेंटिमीटर मोकळी ठेवली की पंचम. ‘तार जाड असली तर?’ असे एखाद्याने विचारलेच, तर उत्तर देऊ नका, जाड तार द्या. मूळ सा बदलेल, पण अर्ध्यावर पुन्हा त्याचाच वरचा सा मिळेल. मिरजेतल्या सतारमेकर घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालते. तिथे तंबोऱ्याची जवारी लावताना शेवटचा निकाल कानच देतो. (त्या घरांतल्या पोरांना अपूर्णांक अवघड जात नसावेत!)

वाद्य नकोच असेल, तर मक्तब आहे. तिलावत म्हणजे संगीत नव्हे, हे खरे. पण कानाची तालीम तिथेही लागते. मोठ्या काफने ‘कल्ब’ म्हणजे हृदय, छोट्या काफने म्हणजे कुत्रा. ही चूक बहुधा उस्तादच दाखवतात आणि मूल मान डोलावते. त्याऐवजी एकाने सबक पढावा, दुसऱ्याने कुठे चुकले आणि का चुकले ते सांगावे, उस्तादांनी शेवटी बोलावे. रोजची पाच मिनिटे पुरतात, आणि शाळेत निरोप धाडणाऱ्या घरांचीही याला हरकत नसावी.