जंगलाचा माणूस, शहराच्या कायद्याच्या बाजूने? फँटसी गेममधला ‘लॉफुल’ ड्रुइड समजून घ्या

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांना ड्रुइड म्हटलं की काय आठवतं? जंगलात राहणारा, प्राण्याचं रूप घेणारा आणि शहराचं नाव काढताच तोंड फिरवणारा जादूगार. मग हाच ड्रुइड नगररक्षकांच्या बाजूने उभा राहिला तर? ‘हे कॅरेक्टरला शोभत नाही,’ असा आक्षेप येतोच. पण तो बरोबर आहे का?

नियम काय सांगतात?

या गेममध्ये प्रत्येक पात्राची ‘अलाइनमेंट’, म्हणजे नैतिक कल ठरलेला असतो. त्यात दोन वेगळे प्रश्न येतात. पात्र चांगलं की वाईट? आणि शिस्त मानणारं (लॉफुल) की मनमानी करणारं (केऑटिक)? १९७८च्या नियमपुस्तकात ड्रुइडला दोन्ही बाबतींत तटस्थ राहणं सक्तीचं होतं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत एका बाबतीतली तटस्थता पुरेशी ठरली आणि ‘लॉफुल न्यूट्रल’ ड्रुइडचा मार्ग मोकळा झाला. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तर ही अटच उरली नाही.

असे ड्रुइड कुठे दिसतात?

‘रावनिका’ या काल्पनिक जगात. हे जग म्हणजे एक अवाढव्य शहरच. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्ड गेममधलं हे जग २०१८मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुस्तकातही आलं. इथल्या दहा गिल्ड्सना ‘गिल्डपॅक्ट’ हा करार बांधून ठेवतो. त्यातलं ‘सेलेस्निया’ हे गिल्ड निसर्गाला मानणारं, पण शहरात राहून झाडं जोपासणारं आणि एकोप्याने जगणारं आहे. ‘ग्रूल’ टोळ्यांनाही निसर्ग प्रिय आहे, पण त्यांना शहरच मोडून टाकायचंय. प्रेम एकाच गोष्टीवर, वाटा मात्र दोन.

मग खेळायचं कसं?

आधी कारण ठरवा. कायदा नसेल तर कुऱ्हाड घेऊन कुणीही जंगलात घुसेल. कायदा असेल तर निदान हद्द ठरते, दाद मागता येते. तुमच्या ड्रुइडला हे पटलेलं असू शकतं.

खरी कसोटी पुढे आहे. उद्या नगरसभेनेच देवराई तोडायचा हुकूम काढला तर? ड्रुइड हुकूम पाळेल, न्यायालयात भांडेल की रात्रीतून रक्षकांवर लांडगे सोडेल? त्याने शपथ नेमकी कशाची घेतली आहे, सत्तेची की कायद्याची, हे डंजन मास्टरशी आधीच बोलून ठेवा. नाहीतर ऐन प्रसंगी पात्र गोंधळतं आणि सोबतचे खेळाडू वैतागतात.

आणि हो, ‘माझं कॅरेक्टर कायदा मानतं’ म्हणत दर वेळी मित्रांचा प्लॅन हाणून पाडू नका!