निष्पर्ण की निष्प्राण?

फाल्गुन-चैत्रात नामपूरहून मोसम नदीच्या काठाकाठाने ताहाराबाद, मुल्हेर असा प्रवास करावा. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर साग, सालई, खैर, धावडा ही झाडे काटक्यांच्या भाऱ्यांसारखी उभी असतात. मधूनच एखादा पळस तेवढा केशरी फुलांनी पेटलेला दिसतो. नवखा प्रवासी म्हणतो, ‘अरेरे! हे रान वाळून गेले.’ खरोखरच ते वाळलेले असते काय?

हीच चूक माझ्या हातून एकदा घडली आहे. नामपूरला मी नव्यानेच शिक्षक झालो होतो आणि शाळेच्या आवाराची व्यवस्था माझ्याकडे होती. आवारात शिरीषाचा एक मोठा वृक्ष होता. होळीच्या सुमारास त्यावर एकही पान नव्हते. नुसत्या वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत. झाड मेले असे समजून मी ते तोडावयास सांगितले. दोन घाव पडलेही! इतक्यात आमचे वृद्ध शिपाई धावत आले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, ‘गुरुजी, झाड मरेल नही, जपेल शे!’ अहिराणीत जपणे म्हणजे झोपणे. त्यांनी एक बारीक फांदी वाकवून नखाने तिची साल खरवडली. आत हिरवा, ओलसर थर दिसला. वैशाखात त्या झाडाने पुन्हा सावली धरली. घावांचे वण मात्र मी त्या शाळेत होतो तोवर रोज पाहत होतो.

पाने नसलेल्या झाडास निष्पर्ण म्हणतात. प्राण नसलेल्यास निष्प्राण. उच्चारात फरक थोडा, पण तो न कळल्याने कुऱ्हाड पडते.

नखाने खरवडले तेव्हा आत काय होते, ते पाहू. खोडाच्या बाहेरच्या सालीखाली जो नरम थर असतो, त्यास परिकाष्ठ म्हणतात. पानांत तयार झालेले अन्न या थरातून मुळांपर्यंत उतरते. त्याच्या आत लाकूड, म्हणजेच प्रकाष्ठ. मुळांनी शोषलेले पाणी यातून वर चढते. या दोहोंच्या मध्ये एक अगदी पातळ असा वाढता थर असतो आणि खोड जाड होते ते त्याच्यामुळे. सागाच्या कापलेल्या ओंडक्यावर जी वलये दिसतात, त्यांतील एकेक वलय म्हणजे बहुधा एकेक वर्षाची वाढ होय. ओंडक्याच्या मधल्या गडद भागास मध्यकाष्ठ म्हणतात. त्यातून आता पाणी वाहत नाही. ते झाडाला केवळ आधार देते. बाहेरचा फिकट भाग म्हणजे रसकाष्ठ. सुतार सागाचे मध्यकाष्ठच निवडून घेतो, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही.

खोडाभोवती कंकणाप्रमाणे साल सोलली, तर परिकाष्ठ तुटते, मुळांची उपासमार होते आणि झाड उभ्याउभ्या मरते. ब्रह्मदेशात साग तोडण्यापूर्वी सालीसह रसकाष्ठही असे चहूकडून कापीत आणि झाड जागेवरच वाळू देत. ओला साग पाण्यात बुडतो आणि ओंडके तर नदीतून वाहत न्यावयाचे असत! आपल्याकडे हेच काम नकळत होते. कुंपणाची तार झाडाला घट्ट आवळून बांधतात. खोड वाढत जाते, तार सालीत रुतत जाते.

आता पानांकडे वळू. पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात. ती पर्णरंध्रे होत. त्यांतून झाडातील पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. या क्रियेस बाष्पोच्छ्वास असे नाव आहे. आपला बागलाण सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत येतो. पावसाळा सरला की कित्येक महिने जमिनीला ओल नाही. अशा वेळी पाने राखली, तर झाडातील पाणी उडून जावयाचे. म्हणून झाड ती टाकून देते. असे वृक्ष ते पानगळी वृक्ष. आंबा, जांभूळ हे सदाहरित. त्यांचीही पाने गळतात, पण सगळी एकदम नव्हे.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तुम्हांस ठाऊक असेल. वनस्पतिशास्त्र्यास ती मान्य होणार नाही! पळसाची ती तीन पाने नसून एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत. देठ जेथे फांदीला मिळतो, तेथे त्याच्या बेचक्यात एक कळी असते. पर्णिकांच्या बुडाशी तशी कळी नसते. त्यावरून पान कोठून सुरू होते ते ओळखावे.

गळलेल्या पानांचा पाचोळा होतो. बुरशी, वाळवी, गांडुळे त्याचे काळपट खत करतात. त्यास ह्यूमस असे म्हणतात. पाचोळ्याखालची जमीन पाऊस जिरवते, उघडी जमीन तो वाहून जाऊ देते. मात्र उन्हाळ्यात याच पाचोळ्याला ठिणगी लागली की वणवा पेटतो. यास्तव वनरक्षक उन्हाळ्याआधीच गवताचे पट्टे जाळून मोकळे करतात. त्यांना जाळरेषा म्हणतात.

एवढ्यावरही झाड तुटलेच, तर? साग किंवा पळस तोडला, तरी जमिनीत मुळे जिवंत असतात. उरलेल्या खुंटाला पावसाळ्यात कोवळे कोंब फुटतात, ते धुमारे. पण शेळी तेच आधी खाते. बागलाणाला लागूनच धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील डोंगर बोडके झाले होते आणि उन्हाळ्यात पाण्याची वाण पडे. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली. त्यांनी सुमारे १,१०० एकर वन राखले. २०२५ साली श्री. पवार यांना पद्मश्री मिळाली.

खुंटाला एका वेळी पुष्कळ धुमारे येतात. सारेच ठेवले तर एकही नीट जाड होत नाही. म्हणून एक-दोन जोमदार धुमारे राखून बाकीचे काढतात. या कामास विरळणी असे नाव आहे. त्यांना नव्याने मुळे धरावी लागत नाहीत, जुनी मुळे आयतीच मिळतात. त्यामुळे बी रुजून आलेल्या रोपाहून ते आरंभी वेगाने वाढतात.