विषमुक्त कोणासाठी?

यवतमाळ शहरात अलीकडे एक नवी दुकानदारी उभी राहिली आहे. काचेचे दार, आत थंडगार हवा, लाकडी फळ्यांवर मांडलेल्या कागदी पिशव्या आणि प्रत्येक पिशवीवर 'सेंद्रिय', 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'विषमुक्त' अशी ठळक अक्षरे. आत काय असते? ज्वारी, तुरीची डाळ, जवस, तीळ, लाकडी घाण्याचे तेल, अंबाडीच्या फुलांचे सरबत. ज्या ज्वारीची पायली आमच्या आज्यांनी दिवसभराच्या निंदणाची मजुरी म्हणून पदरात घेतली, तीच ज्वारी आज श्रीमंतांच्या आरोग्याची वस्तू झाली आहे. गरिबाघरी होती तेव्हा ती भरड होती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिला 'श्रीअन्न' हे नाव मिळाले.

मी या दुकानात ग्राहक म्हणून गेलो, हे आधीच सांगून टाकतो. पत्नीला साखरेचा त्रास आहे. डॉक्टरांनी गहू कमी करून ज्वारीची भाकर खायला सांगितली. कोर्टातून परतताना दुकान दिसले आणि शिरलो. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये ठरवला, म्हणजे किलोला सुमारे ३७ रुपये. दुकानातली ज्वारी याच्या दुपटीहून महाग होती. तरी मी घेतली. जास्त पैसे दिल्याचे एक समाधान असते, तेही सोबत घेऊन आलो.

त्याच संध्याकाळी दारव्हा तालुक्यातील एक पक्षकार बाई कागदपत्रे घेऊन घरी आल्या. त्यांचे पती भूमिहीन शेतमजूर. २०१७ च्या पावसाळ्यात दुसऱ्याच्या वावरात पाठीवर पंप घेऊन फवारणी करताना त्यांना विषबाधा झाली. माणूस वाचला, पण नजर गेली ती पुरती परत आली नाही. आता संजय गांधी निराधार योजनेसाठी दिव्यांगत्वाच्या दाखल्याचे काम सुरू आहे. बाईंचे लक्ष टेबलावरच्या पिशवीकडे गेले. शाळेत शिकणाऱ्या मुलाने पिशवीवरचा शब्द वाचून दाखवला. बाईंनी विचारले, "विषमुक्त म्हंजे काय जी, वकीलसाहेब?" मी म्हणालो, ज्यावर फवारणी केलेली नाही ते. त्या सहज म्हणाल्या, "जवारीले कोन एवढं फवारते जी? आमच्या यायनं तं पऱ्हाटीले फवारलं."

या एका वाक्याने माझे समाधान पार उतरले. दुकानात जावे की न जावे, याचा हिशेब मी माझ्या ताटापासून सुरू केला होता. बाईंनी तो वावरापासून मांडला. हा लेख त्या हिशेबाविषयी आहे.

२०१७ साली आपल्या जिल्ह्यात काय घडले ते आठवावे. जुलै ते ऑक्टोबर या काळात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोक रुग्णालयांत दाखल झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. बीटी कापसाला २००२ साली मान्यता देताना फवारणी कमी होईल असे सांगितले होते. पण गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पचवून बसली आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत माणसे दोन-तीन औषधे एकत्र करून फवारत राहिली. आपण त्याला 'औषध' म्हणतो! जे माणसाच्या श्वासातून, कातडीतून, डोळ्यांतून आत शिरते आणि जीव घेते, त्याला औषध म्हणण्याची सवय आपल्याला कोणी लावली?

हे प्रकरण साता समुद्रापार गेले. २०२० साली ५१ बाधितांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील संपर्क केंद्राकडे तक्रार झाली. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी न्यायासाठी बासेलच्या दारात गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. निकाल काहीही लागो, यवतमाळच्या वावरातला माणूस एवढ्या दूर दाद मागायला जातो, यातच इथल्या व्यवस्थेचे अपयश आहे.

आता दुकानाचा फायदा-तोटा पाहू. फायदा नाहीच, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तूर, भाजीपाला, सोयाबीन यांवर फवारणी होते. तुरीची जी डाळ खरोखर विनाफवारणी पिकली, तिच्यामागे कोणीतरी एक पंप पाठीवर घेतला नाही. हा मोठा फायदा आहे आणि तो आपल्या पोटापेक्षा त्या पाठीचा आहे. शिवाय या मार्गाने पीक घेता येते हे आपल्या जिल्ह्याने दाखवले आहे. इथले शेतकरी सुभाष शर्मा अनेक वर्षे रसायनांशिवाय शेती करत आले आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शासनानेही २०१८ मध्ये यवतमाळसह आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने सेंद्रिय शेतीचे मिशन अकोल्याहून सुरू केले. तेव्हा हे सगळे ढोंग आहे असे नाही.

पण तोट्याची बाजू लहान नाही. पहिली गोष्ट, माणसे मेली ती कापसात. किराणा दुकानात कापूस विकत नाहीत. उद्या अख्खे यवतमाळ त्या दुकानातून ज्वारी आणू लागले, तरी पऱ्हाटीवरचा एकही पंप खाली उतरणार नाही. माझी भाकर विषमुक्त झाली; कोर्टात घालतो तो पांढरा सुती शर्ट मात्र कोणाच्या श्वासावर पिकला, हे मला कोणत्याही पिशवीवर छापून मिळत नाही.

दुसरी गोष्ट भावाची. मी दिलेल्या दुप्पट पैशातले शेतकऱ्याला किती आणि काचेच्या दाराला किती, हे मी विचारले. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, माल पुण्याच्या कंपनीकडून येतो. म्हणजे यवतमाळच्या माणसाने, यवतमाळच्या ज्वारीच्या मुलखात, पुण्याहून आलेली ज्वारी घ्यायची! आणि शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले असतील असे धरले, तरी निंदणाला गेलेल्या बाईला काय मिळाले? तणनाशक न वापरणाऱ्या शेतीत निंदणाचे काम वाढते, ते बहुतांशी बायाच करतात. त्यांची मजुरी वाढली नसेल तर ती ज्वारी विषमुक्त असेल, शोषणमुक्त नव्हे.

तिसरी गोष्ट, हा मार्ग कोणाला परवडतो? राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकाच्या जमिनीला सेंद्रिय म्हणवून घेण्यासाठी किमान दोन वर्षांचा बदलाचा काळ काढावा लागतो. या काळात उत्पन्न घटू शकते आणि सेंद्रियचा पुरता भावही मिळत नाही. ज्याच्याकडे पंधरा एकर आणि घरात एक नोकरी आहे, तो थांबेल. जो दरसाल मक्त्याने वावर करतो, ज्याच्या डोक्यावर सावकार आहे, तो थांबणार कसा? श्रीलंकेच्या सरकारने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. शेतकऱ्यांचे हाल झाले आणि काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली. आधाराशिवाय लादलेला चांगला बदलही गरिबाच्याच अंगावर कोसळतो.

चौथी गोष्ट 'शुद्ध' या शब्दाची. आंबेडकरी माणसाने हा शब्द दिसला की जरा थांबून वाचावे. महाडला १९२७ साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आमच्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले होते. शेण आणि गोमूत्र जमिनीला उपयोगी पडते की नाही, हा प्रयोगाचा प्रश्न आहे. जीवामृताने माती सुधारत असेल तर जरूर वापरावे. तपासावे, मोजावे, मग मान्य करावे. पण त्या पिशवीवर गायीचे चित्र, मंत्र आणि 'सात्त्विक' असे शब्द येऊ लागले की मातीचे शास्त्र संपते आणि सोवळे सुरू होते. त्या दुकानात गावरान कोंबडीचे अंडे मागितले तर दुकानदाराने कानाला हात लावला. उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्याहून नैसर्गिक काय असते, ते मला अजून समजलेले नाही!

तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. त्यांनी विष खाणाऱ्यापुरता विचार केला नाही, विकणाऱ्याला जबाबदार धरले. आपलाही मुद्दा तोच असला पाहिजे.

मग करावे काय? दुकानावर बहिष्कार घालून कोणाचे भले होणार नाही. पण जाताना कायदा खिशात घेऊन जावे. 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालाला २०१७ चे अन्न सुरक्षा नियम लागू आहेत. त्यावर प्रमाणपत्राची खूण आणि 'जैविक भारत' चिन्ह पाहावे. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे. 'नैसर्गिक', 'शुद्ध' हे शब्दही वाटेल तसे छापता येत नाहीत. २०१८ च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांनी त्यांना मर्यादा घातल्या आहेत. फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या खरेदीबाबत तक्रारीला शुल्क नाही. पावती मात्र जपून ठेवावी.

त्याहून चांगला मार्ग आपल्या वस्त्यांना जवळचा आहे. आपल्यातल्या नोकरदारांनी दहा-वीस घरे मिळून गावातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी, तूर थेट घ्यावी, पेरणीआधी भाव ठरवावा आणि त्या भावात निंदणाची मजुरी धरावी. विहाराच्या आवारात महिन्यातून एक दिवस असा बाजार भरायला कोणाची परवानगी लागते?

परंतु खरेदीने प्रश्न सुटत नाही, हे लक्षात ठेवावे. खरेदीची ताकद ज्याच्या खिशात पैसा त्याचीच असते. हक्काची ताकद सर्वांची असते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये तांदूळ, गव्हाबरोबर भरडधान्यही लिहिलेले आहे. मग ज्वारीच्या मुलखात रेशनवर बारमाही ज्वारी का नसावी? ती हमीभावाने इथेच खरेदी करून इथेच द्या. शेतकरी कापूस-सोयाबीनच्या फेऱ्यातून थोडा बाहेर पडेल आणि बाईंच्या घरी भाकर परत येईल. कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांत विष हाताळणाऱ्या कामगाराला संरक्षक कपडे देण्याची तरतूद आहे. पाठीवर पंप घेऊन चाललेल्या किती मजुरांच्या अंगावर ते कपडे आपण पाहिले? शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशकाच्या विषबाधेला दोन लाखांची मदत आहे, पण ती सात-बारा असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातील एकाला. ज्याचे नाव कोणत्याच सात-बाऱ्यावर नाही आणि तरी जो फवारणी करतो, तो या कागदाच्या बाहेर उभा आहे. हा मजूर बहुतांशी दलित, आदिवासी, भटका आहे, हे सांगायला कोणत्याही अहवालाची गरज नाही. आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या योजनेतून ज्या भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू जमीन मिळते, त्यांना बदलाच्या त्या दोन वर्षांसाठी शासनाने उत्पन्नाचा आधार का देऊ नये? सेंद्रिय शेतीचा अनुशेष तिथून भरायला सुरुवात व्हावी.

मी त्या दुकानात पुन्हा गेलो तर ज्वारी घेईनही. पत्नीला भाकर हवीच आहे. पण पिशवीवरचा 'विषमुक्त' हा शब्द आता मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. ज्या दिवशी तो शब्द फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल लिहिता येईल, त्या दिवशी तो खरा. तोवर ती ताटावरची मलमपट्टी आहे. बाईंचा दिव्यांगत्वाचा दाखला अजून मिळालेला नाही. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा येणार आहेत. या वेळी कार्यालयात मीच सोबत जाणार आहे.