जुन्या बंगल्यांतील मुक्काम

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं वऱ्हाडांत घरोघरीं चिखलदऱ्याचें नांव निघूं लागतें. अमरावती-अकोल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, विहिरी तळ गांठतात, आणि परतवाड्याच्या उत्तरेस दिसणारी गाविलगडाची रांग आपणांस बोलावीत आहे असें ज्याला त्याला वाटतें. मग मुक्काम कोठें करावा हा प्रश्न येतो. बहुतेक कुटुंबें नव्या पद्धतीच्या सिमेंटच्या लॉजमध्यें उतरतात. परंतु देशांत व परदेशांत आतां दुसरीही एक चाल रूढ झाली आहे. इंग्रजी अमदानींतील एखादा जुना बंगला नीट दुरुस्त करून, त्याचें मूळ रूप राखून, तो प्रवाशांस कांहीं दिवसांकरितां भाड्यानें देण्यांत येतो. अशा मुक्कामाविषयीं पालक दोन प्रश्न विचारतात. चांगले पैसे मोजून जुनाट घरांत राहावयाचें कशाला, हा पहिला. साहेबलोकांनीं आपल्या सुखासाठीं बांधलेलीं घरें आपण कां जतन करावीं, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत व दोहोंचाही विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हें घर काय आहे तें पाहूं. ‘बंगला’ हा शब्द मूळचा आपल्याच देशांतील. बंगाल प्रांतांतील उतरत्या छपराच्या घरावरून तो आला आणि इंग्रजांनीं तो उचलला. मध्यें उंच दालन, भोंवतीं खोल्या, आणि त्या सर्वांना कवेंत घेणारा रुंद व्हरांडा, ही त्याची साधारण मांडणी. यांत शोभेपेक्षां सोय अधिक आहे. व्हरांड्यामुळें ऊन खोलीच्या भिंतीवर सरळ पडत नाहीं. छप्पर उंच असल्यामुळें तापलेली हवा वर जाते व माथ्याजवळच्या झरोक्यांतून बाहेर पडते. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असल्या म्हणजे दुपारची उष्णता आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोंवर दारें-खिडक्या उघडून गार वारा घेतां येतो. विजेच्या पंख्याशिवाय वऱ्हाडचा उन्हाळा कसा काढावा, या उदाहरणाचें हें विटा-चुन्यांत सोडविलेलें उत्तर आहे.

छपराची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडील जुनीं घरें कुंभाराच्या हातच्या कवेलूंनीं शाकारलेलीं असत. पुढें पुष्कळ बंगल्यांवर मंगळुरी कौलें आलीं. या कौलांचा कारखाना १८६५ सालीं मंगळूर येथें स्वित्झर्लंडमधील बाझेल नगराच्या मिशननें काढला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस समाजानें दूर लोटल्यावर पोट भरण्याचें साधन मिळावें, हा त्यांतील एक हेतु होता. कौल उलटून पाहिल्यास करणाराचें नांव बहुधा ठशानें उमटविलेलें आढळतें. असें एखादें फुटकें कौल आवारांत पडलेलें दिसल्यास विद्यार्थ्यांनीं तें अवश्य वाचावें.

आतां आपल्या डोंगराकडे वळूं. गाविलगडचा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या फौजेनें घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. त्यानंतर वीस वर्षांनीं, १८२३ मध्यें, हैदराबादच्या पलटणींतील कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्यानें चिखलदऱ्याचें पठार हवा खाण्याचें ठिकाण म्हणून हेरलें. तें समुद्रसपाटीपासून सुमारें ३६०० फूट उंच आहे. तेथें इंग्रजांनीं कॉफीची लागवडही केली. लोकांच्या तोंडीं मात्र त्या स्थानाचा इतिहास याहून फार जुना आहे. भीमानें कीचकाला मारून त्याचें प्रेत ज्या दरींत फेंकलें तो हा कीचकदरा, असें ते सांगतात; आणि कोरकू लोक तर साहेब येण्याच्या कितीतरी आधींपासून या डोंगरांत नांदत आले आहेत. यावरून ‘शोध लागला’ हा शब्द आपण किती जपून वापरावा हें कळून येईल.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे सोंपविला. तेव्हांपासून जिल्ह्यांतील अधिकारी उन्हाळ्यांत वर जाऊं लागले व तेथें बंगले उठले. फिरतीवरील अंमलदारांसाठीं वाटेवर डाक बंगले आणि रानांत वनखात्याचीं विश्रामगृहें झालीं. डाक बंगल्यांत एक खानसामा, एक नोंदवही व ठरलेला दर असे. नवा प्रवासी आला म्हणजे आधींच्यानें जागा मोकळी करून द्यावी अशी रीत होती. सामान्य रयतेचा या घरांत शिरकाव क्वचितच होई. आज मेळघाटांत कोलकास व सेमाडोह येथें वनखात्याच्या निवासांत कोणत्याही नागरिकास आगाऊ नोंदणी करून राहतां येतें. हा बदल लहान नव्हे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर घराच्या प्रकृतींतच आहे. बंद घर माणसाच्या घरापेक्षां लवकर पडतें, हें आपल्या खेड्यांतील कोणीही वृद्ध सांगेल. पण तें कां, हें समजून घेतलें पाहिजे. वानराच्या उडीनें एक कौल सरकतें. मृगाचें पाणी त्यांतून आंत येतें आणि आढ्यावर ठिबकतें. घरांत माणूस असेल तर त्याच रात्रीं त्याच्या अंथरुणावर थेंब पडतो व दुसऱ्या दिवशीं कौल जागेवर बसतें. घर कुलुपांत असेल तर तें पाणी चार महिने मुरतें. ओल्या लांकडास वाळवी लागते. सागवान पुष्कळ दिवस टिकाव धरतें, पण सततच्या ओलीपुढें तेंही हरतें. वासा वांकतो, छप्पर बसतें, भिंतीचा माथा उघडा पडतो, आणि एका कौलासाठीं चार-पांच पावसाळ्यांत घर जातें. म्हणून जुन्या घराचा पहिला राखणदार म्हणजे त्यांत झोंपणारा माणूस होय.

दुसरी गोष्ट पैशाची. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं कवेलू फेरणें, चुन्याचा हात देणें, नाल्या मोकळ्या करणें, चौकीदाराचा पगार आणि घरपट्टी, एवढा खर्च मालकावर पडतोच. घरापासून कांहींच उत्पन्न नसेल तर तो किती वर्षें हा भार वाहील? शेवटीं तो घर पाडून जमीन विकतो, किंवा स्वस्त दुरुस्ती करतो. आणि ही स्वस्त दुरुस्ती कित्येकदां पाडण्याहूनही वाईट असते. चुन्याची भिंत जमिनींतून ओल ओढून घेते व ती हवेंत सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला कीं ओलीची वाट बंद होते. मग ती आंतल्या आंत साचते, विटा भुसभुशीत होतात, आणि वरून नवी दिसणारी भिंत आंतून पोखरत जाते. चुन्याचें काम जाणणारे गवंडी आतां थोडे उरले आहेत. त्यांना काम मिळेल तर ती विद्या टिकेल, आणि काम मिळण्यास घर कमावतें असलें पाहिजे. प्रवाशाचें भाडें येथें उपयोगी पडतें.

ही केवळ कल्पना नव्हे. इंग्लंडांत १९६५ सालीं जॉन स्मिथ व त्यांची पत्नी क्रिश्चन स्मिथ यांनीं लँडमार्क ट्रस्ट नांवाची धर्मादाय संस्था स्थापिली. पडावयास आलेल्या जुन्या इमारती घ्यावयाच्या, त्या नीट करावयाच्या, सुटीसाठीं लोकांना भाड्यानें द्यावयाच्या, आणि त्या उत्पन्नावर त्यांची निगा राखावयाची, असा त्यांचा क्रम. आज या संस्थेकडे सुमारें २०० इमारती आहेत. रडयार्ड किप्लिंग या ग्रंथकाराचें अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानामधील घरही असेंच वांचलें. किप्लिंग १८६५ सालीं मुंबईंत जन्मला. १८९३ मध्यें त्यानें अमेरिकेंत घर बांधून त्याला ‘नौलखा’ हें हिंदी नांव दिलें, आणि आपल्या सातपुड्याच्याच पट्ट्यांतील शिवनीच्या रानांतल्या मोगलीच्या गोष्टी त्या बर्फाळ प्रदेशांत बसून लिहिल्या. त्याच्या वेळचें बरेंचसें सामान अजून त्या घरांत आहे, आणि कुटुंबें तेथें मुक्कामास जातात. आपल्या महाराष्ट्रांत माथेरान येथें ‘बार हाऊस’ ही एकोणिसाव्या शतकांतील कोठी अशीच दुरुस्त करून प्रवाशांस खुली करण्यांत आली. भारत सरकारनेंही १९५० पूर्वीं बांधलेल्या वाडे, हवेल्या व कोठ्या यांत चालविलेल्या उपाहारगृहांसाठीं व निवासांसाठीं ‘वारसा हॉटेल’ असा निराळा वर्ग मानला आहे.

आतां दुसरा व अधिक अवघड प्रश्न. किप्लिंगचीं साम्राज्यविषयक मतें आज आपणांस पटणार नाहींत. मग त्याचें घर, किंवा आपल्या डोंगरावरील एखाद्या कमिशनरसाहेबाचें घर, राखण्यांत काय स्वारस्य? माझें उत्तर असें कीं, तें घर साहेबाचें होतें हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. अंमलदारांचे पगार वऱ्हाडच्या साऱ्यांतून दिले जात. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललें असतां तेथील कापूस विलायतेस जाईना. तेव्हां वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली आणि खामगांव-अमरावतीचे बाजार गजबजून गेले. ज्या राज्यकारभारानें हे बंगले उठविले तो याच काळ्या जमिनीच्या उत्पन्नावर चालत होता. विटा येथील मातीच्या, सागवान येथील रानाचें, आणि घाम येथील मजुराचा. ज्याचें मोल आपल्या पणजोबांनीं दिलें, तें घर रागानें पडूं देणें म्हणजे त्यांची कमाई दुसऱ्यांदा गमावणें होय.

मात्र घर राखावयाचें तर सबंध राखावें. पुष्कळ ठिकाणीं दिवाणखाना, आरामखुर्ची व मेणबत्तीचें झुंबर जपतात, आणि मागील आवारांतील नोकरांच्या खोल्या पाडून तेथें मोटारी उभ्या करतात. असें घर अर्धीच गोष्ट सांगतें. दालनांतील झालरीचा पंखा आपोआप हलत नसे. भिंतीच्या भोंकांतून दोरी बाहेर जाई आणि पंखेवाला ती रात्रभर ओढीत बसे. न्हाणीघरांतील पाणी भिस्ती पखालींतून आणी. दारांतील वाळ्याच्या ताट्यांवर दिवसभर पाणी शिंपडणारा निराळा असे. डोंगरावर सामान चढविणारे पाय बहुधा अनवाणी असत, आणि त्यांना मजुरी मिळेच असें नाहीं. वेठीची पद्धत त्या काळीं देशांत ठिकठिकाणीं चालू होती. आम्हां ख्रिस्ती लोकांनीं हेंही मोकळेपणें म्हटलें पाहिजे कीं मिशनचे बंगले या रचनेस अपवाद नव्हते. त्यांत राहून कित्येकांनीं रोग्यांची व अनाथांची सेवा केली हें खरें. त्यांचेंही स्वयंपाकघर मागें होतें आणि नोकरांच्या खोल्या त्याहूनही मागें होत्या, हेंही तितकेंच खरें. व्हरांड्यांत बसून चहा घेणाऱ्या मुलाला या दोन्ही गोष्टी कळल्या तर तें घर त्याची शाळा होईल. एकच कळली तर तें नाटकाचा पडदा ठरेल.

अशा घरीं जाऊं इच्छिणाऱ्या पालकांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जागा ठरवितांना घर खरोखर जुनें आहे कीं नव्या इमारतीस जुना मुखवटा चढविला आहे, हें विचारून घ्यावें. विजेच्या तारा नव्या आहेत काय व रात्रीं चौकीदार असतो काय, याचीही चौकशी करावी. लांकडी छपराच्या घरांत आगीचें भय अधिक असतें. तेथें हॉटेलांतील सर्व सुखें मिळणार नाहींत. पावसाळ्यांत चिखलदऱ्याचें धुकें घरांत शिरतें, कपडे दमट राहतात, रात्रीं लांकूड करकरतें. तें भूत नव्हे; दिवसा तापून फुगलेलें लांकूड थंडीनें आंखडतें, एवढेंच. भिंतींत खिळे ठोकूं नयेत, ओलीं वस्त्रें जुन्या खुर्च्यांवर टाकूं नयेत, आणि गळती दिसल्यास तत्काळ कळवावें. भाजी, दूध, मध गांवांतल्या माणसांकडून घ्यावें, व वाटाड्या तेथलाच करावा. म्हणजे ज्यांच्या आज्यांनीं ओझीं वाहिलीं त्यांच्या नातवांच्या हातीं रास्त मोबदला पडेल.

विद्यार्थ्यांना एक काम सांगतों. भिंतीची जाडी वितीनें मोजा. दुपारीं दोन वाजतां व रात्रीं आठ वाजतां तिला आंतून हात लावून पाहा, आणि कोणत्या वेळीं ती अधिक ऊन लागते तें लिहून ठेवा. पंख्याच्या दोरीचें भोंक बुजविलें असेल तरी त्याची खूण शोधा. मग चौकीदाराच्या शेजारीं बसून त्याचे वडील काय करीत, हें आदरानें विचारा. नोंदवहींत पाहुण्यांचीं नांवें सांपडतील; कष्ट करणारांचीं नांवें त्याच्याच तोंडून ऐकावीं लागतील.

शुभवर्तमानांत कारभाऱ्यांचे अनेक दाखले आहेत, आणि त्या सर्वांत वस्तु धन्याची व जबाबदारी कारभाऱ्याची असते. भाड्याच्या घरांतला पाहुणा असाच चार दिवसांचा कारभारी आहे. घराचा तो मालक नव्हे, तरी त्याच्या राहण्यानें छप्पर शाबूत राहतें आणि त्याच्या बेपर्वाईनें तें जातें. तेव्हां येत्या सुटींत डोंगरावर जाणाऱ्या कुटुंबांनीं शक्य असल्यास एक रात्र तरी जुन्या कौलांखालीं काढावी. आणि निघतांना खोली अशी ठेवावी कीं मागाहून येणाऱ्यास ती आपलीच वाटावी.