कंपायलर व आधारसामग्रीची ने-आण

उच्च स्तरीय भाषेतील कार्यक्रमाचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाला कंपायलर म्हणतात. असे रूपांतर करताना निष्पत्तीत फरक न पडू देता मुख्य स्मृती व संस्कारक यांमधील आधारसामग्रीची ने-आण कमी करणे, हे त्याचे एक महत्त्वाचे कार्य होय.

मुख्य स्मृतीतून एक संख्या आणण्यास लागणाऱ्या वेळात आधुनिक संस्कारक शेकडो बेरजा करू शकतो. ऊर्जाही बेरजेपेक्षा या ने-आणीत कितीतरी अधिक खर्च होते. म्हणून संस्कारकात रजिस्टरे व लहान, जलद अशी कॅश स्मृती असते. कॅशमध्ये एकेक संख्या न येता सलग स्थानांचा गट येतो. तो बहुधा ६४ बाइटांचा असतो.

उदा., धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील ८ तालुक्यांच्या ३६,५०० दिवसांच्या पर्जन्यमानाचे कोष्टक आहे, असे समजू. दर दिवसाची एक ओळ व दर संख्येस ८ बाइट धरल्यास एक ओळ एका गटात मावते. ३२ किलोबाइट कॅशमध्ये संपूर्ण कोष्टक मावत नाही. प्रथम भूमचे सर्व दिवस, मग कळंबचे, अशा क्रमाने बेरजा केल्यास प्रत्येक गट आठ वेळा, म्हणजे एकूण २,९२,००० गट आणावे लागतात. दिवसवार क्रमाने आठही बेरजा एकत्र पुढे नेल्यास ३६,५०० गट पुरतात. कंपायलर करीत असलेल्या या बदलास लूपांची अदलाबदल म्हणतात. मोठ्या सारणीचे कॅशमध्ये मावतील असे तुकडे पाडणे, दोन लूप एकत्र करणे व वारंवार लागणारी मूल्ये रजिस्टरांत ठेवणे, या अन्य पद्धती होत.

काही मार्गांवर आधीच काढलेले मूल्य पुन्हा काढणे टाळण्याची पद्धत मोरेल व रेन्व्हाझ यांनी १९७९ मध्ये मांडली. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील धनंजय ढमढेरे यांनी तीत सुधारणा केल्या. अशा विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत उदय खेडकर व ढमढेरे यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला.

क्रम बदलण्यापूर्वी एका क्रियेचे फल दुसरीस लागते काय, हे कंपायलरला सिद्ध करावे लागते. दोन नावे स्मृतीतील एकाच स्थानाची असू शकतील, तर तो बदल टाळतो; कारण जलद पण चुकीचे उत्तर निरुपयोगी असते. अशा वेळी आधारसामग्रीची सोयीस्कर रचना कार्यक्रमलेखकालाच करावी लागते.