हसू खरं, अर्थ खोटा

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीला मोलगीहून गाड्या भरून माणसं जातात. अंगावर राखेची नक्षी, कमरेला सुके भोपळे बांधलेले बावा नाचतात. सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, फसत कुणीच नाही.

शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात उलटं. ऑथेल्लोला फसवणारा इयागो सोंग घेतलेला दिसतच नाही. सगळे त्याला ‘प्रामाणिक’ म्हणतात!

मला सगळ्यात भारी वाटतो तो चौथ्या अंकातला प्रसंग. ऑथेल्लो आडोशाला उभा. इयागो कॅसिओला त्याच्या मैत्रिणीवरून, बियांकावरून छेडतो, कॅसिओ खदाखदा हसतो. लांबून ऑथेल्लोला वाटतं, विषय आपल्या बायकोचा, डेस्डेमोनाचा आहे. हसणं डोळ्यांदेखतचं, अगदी खरं; फक्त शब्द कानावर पडत नाहीत. तेवढ्यात बियांका येऊन ऑथेल्लोनेच डेस्डेमोनाला दिलेला रुमाल कॅसिओच्या अंगावर भिरकावते. हे तर इयागोनेही ठरवलेलं नसतं. (नशीबही बेट्याच्याच बाजूने!)

मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच हे नाटक आणलं. मग १८९० मध्ये गो. ब. देवलांचं ‘झुंझारराव’ आलं, पात्रांना मराठी नावं मिळाली. शिरवाडकरांचाही ‘ऑथेल्लो’ आहे. पहिल्यांदा वाचणार असाल तर माझं मत देवलांना.